बूट काढून ठेवणारा शिकारी

अमेरिकेत हल्ली ‘सॅडल हंटिंग’ची हवा आहे. म्हणजे काय, तर कमरेला आणि मांड्यांना झोळीसारखा पट्टा बांधायचा, दोराने झाडाला लटकायचं आणि धनुष्यबाण घेऊन हरणाची वाट बघायची. धातूचं मचाण पाठीवर वाहायला नको. बकल वाजू नये म्हणून लोक त्यावर टेपसुद्धा चिकटवतात. (आपल्याकडे कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे आपण हे फक्त ऐकायचं!)

कमी सामान आणि शून्य आवाज. आज या दोन गोष्टींसाठी दुकानं भरभरून वस्तू मिळतात. पण तिथल्या आधुनिक धनुर्विद्येची एक मोठी मुळी ज्या माणसापाशी जाते, त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

२९ ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात, कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, दमलेला माणूस सापडला. तो ‘याही’ जमातीतला शेवटचा. स्वतःचं नाव त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही. मग मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस, बस्स. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन सॅक्स्टन पोप त्याचे डॉक्टर झाले, मित्र झाले आणि धनुष्यबाणाच्या बाबतीत चक्क शिष्य झाले.

पोपनी इशीची शिकारीची तयारी लिहून ठेवलीय. आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, कारण हरणाला वास येतो. तंबाखूच्या धुराचाही वास अंगाला नको. सकाळी डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ, चूळ भरायची आणि उपाशीपोटी निघायचं. पाय उघडे, कारण पायावर कापड असलं की झुडपात खसखस होते. उघड्या कातडीला काटा टोचतो आणि पाऊल आपोआप जपून पडतं. शहरात मिळालेल्या बुटांचा इशीला भारी अभिमान होता. पण ते घोड्यासारखे वाजतात म्हणायचा आणि रानात खरं काम निघालं की काढून ठेवायचा. हरणीला बोलवायचं तर एक पान दुमडून ओठांशी धरायचं आणि पाडसासारखा आवाज काढायचा. झालं सामान!

आता जरा थांबा. इतकं चोख गप्प राहणं आलं कुठून? नुसत्या शिकारीतून नाही. १८६०च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी याहींच्या कत्तली केल्या. उरलेली मूठभर माणसं डियर क्रीकच्या दऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं लपून राहिली. पावलं उमटू नयेत म्हणून दगडावरून दगडावर जायची. दाट झुडपांखालून रांगायची. कुऱ्हाडीने लाकूड तोडायची नाहीत, कारण तो आवाज माणूस असल्याचं सांगतो. चूल पेटवायची तीही इवलीशी. मला तर वाटतं, इशीच्या शिकारीचं कौतुक करताना हा भाग गाळणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं. हरणाने ऐकलं तर एक जेवण जायचं, माणसाने ऐकलं तर जीव.

आणि शेवटी माणसांनी गाठलंच. १९०८ साली सर्वेक्षणाला आलेल्यांना त्यांची लपलेली वस्ती दिसली आणि त्या लोकांनी तिथलं सामान उचलून नेलं. धनुष्यबाण, पांघरुणं, भांडी. आधीच इतकं थोडं, तेही गेलं. तीन वर्षांनी इशी ओरोव्हिलला आला, तेव्हा एकटाच उरला होता.

१९१४च्या मे महिन्यात क्रोबर, पोप आणि बाकीचे त्याला घेऊन डियर क्रीकला गेले. ज्या दरीत लपण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, तिथेच त्याने त्यांना सगळं करून दाखवलं. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने तो गेला. पोपनी १९२३ मध्ये धनुष्याने शिकार करण्यावर पुस्तक लिहिलं, ते खूप गाजलं. तिथल्या धनुर्धारी शिकाऱ्यांची मोठी संस्था, १९६१ची ‘पोप अँड यंग क्लब’, याच पोपच्या नावाची.

इशीचं दहन झालं, पण त्याआधी शवविच्छेदन करून मेंदू काढून घेतला होता. तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पोचला. २००० साली तो त्याच्या नातलग जमातींना परत मिळाला. त्यांनी अस्थी आणि मेंदू एकत्र करून त्याच्याच मुलुखात पुरले. नेमकं कुठे, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.