सटवाई येण्याआधी

स्मरणिकेसाठी मावळच्या इतिहासावर लिहावयाचे म्हटले की लोहगड, विसापूर आणि कार्ल्याची लेणी डोळ्यांपुढे येतात. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आज बाळंतिणीच्या खोलीचा थोडा इतिहास सांगणार आहे. त्याची बखर कोणी लिहिली नाही.

पाचवीला पाटा-वरवंटा पुजावा, कोरा कागद व लेखणी ठेवावी, म्हणजे सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते, ही आपली जुनी समजूत. पुढे एखादे मूल वर्षाचे होऊनही मान सावरीना, बसेना, त्याचे हातपाय ताठ राहू लागले, की "सटवाईचा लेख" म्हणून घर गप्प बसे. गप्प न बसणारे आईला धारेवर धरीत : ग्रहणात विळी हाती घेतली असेल! आईचा दोष सापडला नाही, तर सुईण होतीच. ह्या विकाराला आज सेरेब्रल पाल्सी म्हणतात. वाढत्या मेंदूला इजा झाली की हातापायांवरचा ताबा बिघडतो. बुद्धी मात्र पुष्कळ मुलांची शाबूत असते.

लंडनचे डॉक्टर विल्यम लिट्ल यांनी १८६१ साली तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे ह्या विकाराची मांडणी केली. (त्याच सुमारास आपल्या बोरघाटात रेल्वेसाठी कातळ फुटत होता, आणि त्या कामाचा ठेका पतीच्या निधनानंतर ॲलिस ट्रेडवेल ह्या बाईंनी सांभाळला, हे मंडळाच्या भगिनींना ठाऊक असावे!) अडलेले बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच गुदमरणे ह्यांशी लिट्ल यांनी हा विकार जोडला. सटवाईची लेखणी त्यांनी काढून घेतली खरी; पण सारा दोष बाळंतपणाच्या त्या काही घटकांवर आला. १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी (होय, तेच मनाचे डॉक्टर) उलट शंका काढली, की गर्भातच आधी काही बिघडल्यामुळे बाळंतपण अवघड जात नसेल कशावरून? त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे १९८६ साली अमेरिकेत कॅरिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग यांनी ५०,००० हून अधिक गर्भारपणांच्या नोंदींवरून दाखविले, की जन्मवेळचे गुदमरणे हे थोड्याच मुलांच्या बाबतीत कारण असते. गर्भारपणातला संसर्ग, गर्भाची खुंटलेली वाढ, फार लवकर झालेला जन्म, अशी कारणे त्याच्या कितीतरी आधीची. "सातव्याचे जगते, आठव्याचे नाही," असे आपल्या आज्या सांगत. खरे पाहता जन्म जितका लवकर, तितका धोका अधिक.

म्हणून वेळेवर पोहोचण्याचे महत्त्व कमी होत नाही. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली; पण पवन, नाणे, आंदर मावळातल्या वाडीवरच्या अडलेल्या बाईला तिचा काय उपयोग? ओढे भरले म्हणजे झोळीतून उतरावयाचे, तेही उतार मिळाला तर. पायाळू माणसाला जमिनीतले पाणी कळते, असे आपण कौतुकाने म्हणतो. पायाळू मुलाचे डोके शेवटी अडकते तेव्हा सुईणीवर काय प्रसंग गुदरत असेल, ते तिलाच ठाऊक. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले बाळ दहा दिवसांत गेले होते. १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. पुढच्याच वर्षी त्या पुण्यात वारल्या. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले व तेथे परिचारिका आणि सुइणी शिकू लागल्या.

एका परिचारिकेचीच गोष्ट मला फार आवडते. १९५६ साली इंग्लंडातील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बागेत उन्हात नेत. एका पिवळ्या पडलेल्या बाळाच्या अंगावर जेथे ऊन पडले तेथला पिवळेपणा ओसरलेला त्यांच्या ध्यानी आला. त्यातूनच पुढे निळ्या दिव्यांखालचा उपचार निघाला. तीव्र कावीळ बाळाच्या मेंदूत शिरली तर सेरेब्रल पाल्सी होऊ शकते. आपणही बाळाला कोवळ्या उन्हात धरतोच. परंतु पहिल्याच दिवशी बाळ पिवळे दिसले, दूध ओढीना, सुस्त पडले, तर ऊन आणि काविळीची माळ दोन्ही बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. गर्भारपणी चेहऱ्यावर सूज, डोके दुखणे, अंगावरून जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, ह्यांतही रात्र उजाडण्याची वाट पाहू नये.

आणि ज्या घरात असे मूल आलेच आहे, तेथे? १९६६ साली जन्मलेल्या मालिनी चिब यांना जन्मवेळी प्राणवायू कमी पडून हा विकार जडला. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी पहिली शाळा काढली. मालिनीबाई पुढे विलायतेत उच्च शिक्षण घेऊन आल्या. २०१० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ते त्यांनी एका बोटाने टंकून लिहिले आहे.