वालधुनीला नदी म्हणणार कोण?

आमच्याकडच्या वर्तमानपत्रांना नदी दोनच वेळा आठवते. एकदा पुरात आणि एकदा रंगात. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्याच औद्योगिक भागातला रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहायला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. वालधुनी आज कोणत्या रंगाची वाहते आहे, हीही अधूनमधून बातमी होते. या सगळ्या बातम्यांची भाषा एकच: अजब, नवल, थरार. वाचकाने तोंडात बोट घालावे आणि पान उलटावे.

मी कल्याणात वालधुनीच्या काठी वाढलो आणि आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. ज्याचे कारण सांगायचे टाळले जाते त्याला नवल म्हणतात, असे माझे मत बनले आहे. हिरवा पाऊस आभाळाने पाडला नव्हता. कारखान्यांच्या हवेत सुटलेले रंगद्रव्य त्यात उतरले होते. गुलाबी रस्ताही रसायनांनीच रंगवला होता. काठावरच्या माणसाला यात नवल वाटत नाही. त्याला ते रोज दिसते. म्हणून या नदीकाठच्या घटनांकडे जरा मागे जाऊन पाहिले पाहिजे.

वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते आणि अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळते. याच खाडीमुळे कल्याण हे जगाला ठाऊक असलेले बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचे नाव आहे. तिथली बातमीही चमत्कारिकच आहे: कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात! म्हणजे या पाण्यावर कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरवणारे तेव्हाही होते.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती कान्हेरीच्या लेण्यांतली बातमी. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. त्यात व्यापारी आहेत, तसे लोहार आणि सोनारही आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने भिक्षुसंघासाठी पाण्याची पोढी, म्हणजे खडकात कोरलेले टाके, दान दिले. हाताने काम करणारा माणूस पाणी देतो आणि त्याचे नाव दगडावर कोरले जाते! कल्याणच्या इतिहासाच्या पहिल्या पानांवर ही नोंद आहे, हे आमच्या किती मुलांना शाळेत सांगितले गेले? मला कोणी सांगितले नाही. एम.ए.ला असताना ग्रंथालयात मी ते स्वतः वाचले आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की हे शहर माझेही आहे.

पुढे काळ पालटला. वालधुनीच्याच काठावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. कान्हेरीचा तो लेख कारागिराचा आहे, हा लेख शिलाहार राजाचा. देवळाचे शिल्प अप्रतिम आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण या दोन लेखांच्या मधल्या आणि नंतरच्या शतकांत पाणी देणारा माणूस पाण्यापासून दूर कसा लोटला गेला, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. त्या लोटण्याला किती धार होती, ते २० मार्च १९२७ रोजी महाडला दिसले. बाबासाहेबांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते, शेणमुताने ते शुद्ध होते!

हे आठवण्याचे कारण पुढे आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून उखडलेले लोक आणून टाकले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर असे नाव मिळाले. रेल्वे, दारूगोळ्याचा कारखाना, काडेपेटीचा कारखाना, मग साठच्या दशकापासून औद्योगिक वसाहती, असे काम वाढत गेले आणि कामामागे माणसे आली. जातीच्या गावातून सुटण्यासाठी आमची माणसेही आली. माझे आजोबा रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये होते. शहराने त्यांना काम दिले, जागा दिली नाही. जी जमीन कोणालाच नको होती ती त्यांनी घेतली. ती नदीच्या पुराची जमीन होती. गावात आमची वस्ती गावाबाहेर, शहरात ती नदीच्या पात्रालगत. दिशा बदलली, जागा तीच राहिली.

मग नदीत रसायन आले. जीन्स रंगवणाऱ्या आणि धुणाऱ्या कारखान्यांचे पाणी आले. सांडपाण्यावर प्रक्रिया करायला पैसे लागतात. रात्री नदीत ओतून द्यायला लागत नाहीत. सगळे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात रात्रीच्या अंधारात एका टँकरमधले रसायन वालधुनीत सोडले गेले. झोपेतली माणसे गुदमरून जागी झाली. शेकडो रहिवाशांना त्रास झाला, दवाखाने भरले. चवदार तळ्यावर ओंजळ बाटवणारी ठरली होती. इथे टँकर रिकामा झाला, पण नदी बाटली म्हणून कोणी घागरी घेऊन धावले नाही.

‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंड ठोठावला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जीन्सचे कारखाने बंद झाले. त्या कारखान्यांत कोपरापर्यंत निळे झालेले हात आमच्याच वस्त्यांतले होते, हेही सांगितले पाहिजे. पाण्याचे विष त्यांनी प्यायले आणि कारखाना बंद झाल्यावर मजुरीही त्यांचीच गेली. पर्यावरणाच्या चळवळीतल्या मित्रांनी या माणसाचा हिशेब मांडल्याशिवाय नदी स्वच्छ झाली असे म्हणू नये.

२६ जुलै २००५ ला मी सतरा वर्षांचा होतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याचा आकडा सर्वांना पाठ आहे. आमच्या घरातला आकडा वेगळा: पाणी देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीपर्यंत आले. आजीने माझी दहावीची गुणपत्रिका पिठाच्या डब्यात घातली, डबा डोक्यावर घेतला आणि रात्रभर शेजाऱ्यांच्या माळ्यावर तशीच बसली. “भांडी काय, पुन्हा येतील,” म्हणाली. आमच्या घरातला तो पहिला छापील कागद होता, ज्यावर आमच्या माणसाचे नाव पास म्हणून आले होते.

पूर ओसरल्यावर पाहणीला माणसे आली. त्यांच्या कागदावर आमच्या पत्त्यापुढे ‘नाल्यालगतचे अतिक्रमण’ असे लिहिलेले होते. तो शब्द मला अजून बोचतो. नदीला नाला म्हटले की दोन कामे एकदम होतात. नाल्यात काहीही सोडायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि नाल्याकाठी राहणारा माणूस आपोआप गुन्हेगार ठरतो. गंमत अशी की आम्हीही तिला नालाच म्हणत होतो. आजीसुद्धा. शोषणकर्त्याचा शब्द शोषिताच्या तोंडी बसला की त्याला वेगळा पहारा ठेवावा लागत नाही.

म्हणून गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांना एक साधे काम देतो. आपल्या वस्तीतल्या भिंतींवर २००५ चे पाणी कुठवर आले होते ते मोजून आणा. ते कोणी पाहिले, त्याचे नाव लिहा. तो तेव्हा काय काम करत होता, लिहा. पाण्याचा वास आणि रंग त्याला कसा आठवतो, तेही लिहा. सामिदत्ताचे नाव दगडावर टिकले म्हणून आपण त्याला ओळखतो. आपल्या माणसांची नावे वहीत तरी टिकली पाहिजेत. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या भागात हे काम करावे, अशी माझी विनंती आहे.

मागच्या वर्षी एका मुलीने वही आणून दिली. पहिल्या ओळीत तिने लिहिले होते, ‘आम्ही नाल्याकाठी राहतो.’ मी काही बोललो नाही. शेवटच्या पानापर्यंत येईतो तिनेच तो शब्द खोडून वर ‘नदी’ लिहिले होते.