कुलकुलाची फणी आणि पुराणाची ओवी

आगमनकाळातला एक शनिवार. आजारी माणसांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी डोंबिवलीतील एका घरी गेलो होतो. पलंगावरच्या आजीबाईंची प्रार्थना आटोपल्यावर पाहिले, तर स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्रे पसरलेली, आणि दोघी नाती पिठाच्या लहानशा गोळ्या नव्या फणीच्या पाठीवर दाबून त्यांची कुलकुले वळीत होत्या. आजीबाई पडल्या पडल्या कसलीशी ओवी गुणगुणत होत्या. तेवढ्यात शाळकरी नातू म्हणाला, "फादर, वर्गातली मुले म्हणतात, तुमचा सण परदेशी आहे. खरे का हो?" मी घाईत होतो. काहीतरी उत्तर देऊन जिना उतरलो. ते उत्तर मलाच पटले नव्हते. म्हणून हे लांबलेले दुसरे उत्तर.

प्रथम गावांविषयी. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने 'कल्लियाना' नावाच्या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. ते बंदर म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक इतिहासकार मानतात. काहींना ते मान्य नाही. ठाण्याबद्दल मात्र वाद नाही. १३२१ साली येथे चार फ्रान्सिस्कन संन्याशांनी श्रद्धेसाठी प्राण दिले, आणि पुढे ओडोरिक नावाच्या त्यांच्या बंधूने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. पोर्तुगीजांच्या हाती वसई आली ती १५३४ मध्ये, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनंतर. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च त्या पोर्तुगीज काळाचे.

आता फराळाकडे वळू. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज, हे खरे. पण 'पाव'ही पोर्तुगीज, 'चावी'ही, 'बटाटा'ही आणि 'काजू'सुद्धा. बटाटेवडा परदेशी आहे, असे म्हणण्याचे धाडस डोंबिवलीच्या फलाटावर कोणी करून पाहावे! आपल्या ताटातील न्युरी ही तर शेजारच्या काकूंच्या दिवाळीतील करंजीच. नारळाचे सारण तेच, मुरड तीच. कुलकुलांना गोव्यात 'किडयो' म्हणतात, म्हणजे किडे. (हे नाव सांगितले की मुले ती अधिकच आवडीने खातात.) आणि आपल्या ईस्ट इंडियन घरांतील थाळी स्वीट पाहा. रवा, ओले खोबरे, अंडी, साखर, बदाम. भाजण्याची कल्पना पश्चिमेची, खोबरे आपल्या वाडीतले. घरी भट्टी नव्हती, तेव्हा थाळीखाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे ठेवून ती भाजली जाई. वरचे निखारे कमी पडले तर पृष्ठभाग फिका राही, जास्त झाले तर करपे. हा अंदाज कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो हातात होता. पुढे पाववाल्याच्या भट्टीत केकची भांडी पाठवण्याची रीत आली. भट्टीत आपले भांडे ओळखू यावे म्हणून त्याला खूण करीत. माझी आई चिंधी बांधत असे, आणि एके वर्षी ती चिंधी जळून गेल्यामुळे आम्ही दुसऱ्याच कोणाचा तरी केक आनंदाने खाल्ला होता.

फराळ टिकला, त्याला कोणी आडकाठी केली नाही. गाण्याची कथा वेगळी आहे, आणि ती सांगताना आम्हा धर्मगुरूंना थोडी मान खाली घालावी लागते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने मराठीत लिहिलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! (त्यांची कर्मभूमी जी साष्टी, ती गोव्यातली, आपली ठाण्याची साष्टी निराळी. नावाच्या सारखेपणामुळे आपल्याकडील काही उत्साही वक्ते त्यांना ठाण्यात आणून बसवतात.) आपल्या उत्तर कोकणाच्या बोलीतले दुःखसहनाचे पुराण फ्रान्सिस्को व्हाझ द गिमाराइश यांचे. ते १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले, आणि उपवासकाळात आपल्या गावांतून ते पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले. ही दोन्ही पुराणे रोमन लिपीत छापलेली. ख्रिस्तपुराण देवनागरीत वाचायला मिळण्यासाठी शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या आवृत्तीची वाट पाहावी लागली, म्हणजे तीनशे चाळीस वर्षे! तोपर्यंत ज्यांच्यासाठी हे ग्रंथ रचले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते कानांनीच वाचले.

पण पुराणे छापणाऱ्या त्याच राज्यात वारा फिरला. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने लग्नातील कितीतरी देशी चालीरीतींवर बंदी घातली. त्यांत ओव्या गाणेही होते. आपल्या आज्यांच्या ओव्यांना आपल्याच चर्चने गुन्हा ठरवले, हे लिहिताना बरे वाटत नाही. पण लिहिले पाहिजे. त्यानंतर वर्षभरातच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणे घेतले. १७३९ मध्ये वसई पडली. बहुतेक युरोपीय धर्मगुरू निघून गेले. मागे राहिले देशी धर्मगुरू, घरे, आणि घरांतल्या बाया. माझे असे मत आहे की आपल्या पूर्वजांनी ज्याला संकट मानले, त्या सत्तांतरानेच उत्तर कोकणातील ख्रिस्ती ओवी वाचवली. बंदी अमलात आणणाराच उरला नाही. उंबराच्या पाण्याची मिरवणूक, घुमटाचा ठेका, फुग्या तळताना म्हटली जाणारी गाणी, हे सारे आपल्या लग्नांत अजून ऐकू येते, त्याचे एक कारण हे असावे.

१७७४ च्या डिसेंबरात इंग्रज ठाण्यात आले, आणि त्यांच्यामागून पुढच्या शतकात आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली आणि १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली. कौटुंबिक सहलींचा इतिहास लिहायचा तर येथूनच सुरुवात करावी लागेल. पूर्वी माउंट मेरीच्या जत्रेला बैलगाडीने वा होडीने जात. आता दादरला गाडी बदलून जाता येऊ लागले. माझ्या लहानपणी सप्टेंबरातील त्या रविवारी डब्यात पोळे आणि सुके बोंबील असत, आणि परतताना मेणाच्या मेणबत्त्या उष्म्याने वाकलेल्या असत. रेल्वेने गोव्याची व मंगळूरची ख्रिस्ती कुटुंबेही कल्याणला आणली. नोकऱ्यांच्या त्या स्पर्धेत आपले वेगळेपण दाखवण्यासाठी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, आपल्या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव कंपनीचे, घरातली भाषा मराठी! पुढे केरळची कुटुंबे इतकी वसली की १९८८ मध्ये सिरो-मलबार परंपरेचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला.

पुस्तकांबद्दल एकच गोष्ट सांगतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आपला 'निरोप्या' १९०३ चा. आणि मराठी माणूस ज्याला आपल्या संस्कृतीचा मानबिंदू समजतो, तो दिवाळी अंक? काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांवरून सुचला, असे सांगितले जाते. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली आहे. २०१० साली ठाण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेही नाताळाच्याच दिवशी, २५ डिसेंबरला.

नाताळानंतरच्या आठवड्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. कुलकुले संपली होती. आजीबाई झोपल्या होत्या. नातवाला हे सारे थोडक्यात सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, आणि मग विचारले, "फादर, आजी गाते ती ओवी कुठे लिहिलेली आहे?" मी त्याला वही आणायला सांगितली, आणि आम्ही दोघे आजीबाई जाग्या होण्याची वाट पाहत बसलो.