पिल्लू खात नाही? आधी कारण शोधा, मग खाणं बदला

पावसाळा संपला की वस्तीवर, मळ्यात राखणीसाठी कुत्र्याचं पिल्लू आणायची लगबग सुरू होते. आणलेलं पिल्लू दोन दिवस कोपऱ्यात बसून राहतं, वाटीला तोंड लावत नाही, नाहीतर दूध तेवढं पितं आणि भाकरी सोडून देतं. घरातली मंडळी मग कधी बिस्किट, कधी फरसाण पुढं टाकतात आणि पिल्लाला तीच सवय लागते. न खाण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही कारणानुसार बदलतो.

आईपासून कधी तोडावं

डोळे उघडले की पिल्लू उचलायची पद्धत गावोगावी आहे. ती चुकीची आहे. तीन-चार आठवड्यांचं झालं की पिल्लू मऊ अन्न चाटायला लागतं, पण आईचं दूध पूर्ण सुटायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर ते आईजवळच असावं. भावंडांबरोबर एका थाळीत खाताना ते खायलाही शिकतं.

गायीचं दूध आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गायीच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असते, तर दुधातली साखर कमी असते. त्यामुळं नुसत्या गायीच्या दुधावर पिल्लाचं पोट भरल्यासारखं दिसतं, पण अंग धरत नाही. काहींना हगवणही लागते. त्यापेक्षा दही सहसा चांगलं पचतं.

काय द्यावं, किती वेळा द्यावं

पिल्लाचं पोट लहान असतं. एकदाच परातभर वाढून उपयोग नाही. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा द्यावं.

ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा भात चालतो, पण वाढत्या पिल्लाला तेवढ्यावर भागत नाही. त्यात उकडलेलं अंडं, बिनहाडाचं शिजवलेलं चिकन, काटे काढलेली मासळी, दही, मऊ शिजलेली डाळ यापैकी काहीतरी रोज हवंच. तिखट, मीठ, फोडणी नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि चहा कुत्र्याला घातक आहेत. घरची उरलेली भाजी-आमटी घालताना हे लक्षात राहत नाही. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात आणि घशात-आतड्यात रुततात, म्हणून तीही देऊ नयेत.

हळू खाणाऱ्या पिल्लासाठी

- जागा आणि वेळ रोज एकच ठेवावी. मोठं कुत्रं, कोंबड्या, मांजर जवळ असतील तर पिल्लू बिचकतं. त्याला वेगळ्या आडोशाला खायला घालावं.
- अन्न कोमट करावं. कोमट अन्नाचा वास उठतो आणि पिल्लू वासावरच खातं. भाकरी कुस्करून बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात किंवा डाळीच्या पाण्यात भिजवावी.
- वाटी पंधरा-वीस मिनिटं ठेवावी, मग उचलावी. पुढच्या वेळेपर्यंत मधे काही देऊ नये. पाणी मात्र कायम समोर असावं. हा नियम धडधाकट, खेळत्या पिल्लासाठीच आहे, आजारी किंवा अगदी लहान पिल्लासाठी नाही.
- नवं अन्न सात दिवसांत थोडं थोडं वाढवत जुन्याच्या जागी आणावं.
- तोंडात कोंबू नये. घास श्वासनलिकेत जातो आणि वाटीची भीती बसते ती वेगळीच.
- उन्हाळ्यात भर दुपारी खायला घालू नये. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्यावं.

साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात यायला लागतात. त्या काळात हिरड्या दुखतात आणि पिल्लू कडक भाकरी सोडतं. तेव्हा मऊ अन्न द्यावं.

कारवान, पश्मी या शिकारी जाती मुळातच सडपातळ असतात. बरगडी दिसते म्हणून त्यांना उपाशी समजू नये. दर आठवड्याला पिल्लू पिशवीत घालून काट्यावर तोलावं. वजन वाढत असेल तर काळजीचं कारण नाही.

जंत आणि गोचीड

पोट नगाऱ्यासारखं, अंग मात्र काटकुळं आणि केस राठ असतील तर जंतांची शंका घ्यावी. जंत आईकडूनच पिल्लात येतात. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत आणि पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला देतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच विचारावी. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर अंगातलं रक्त कमी झालेलं असतं. त्यामागं जंत किंवा गोचीड असू शकतात.

इथं थांबू नका

तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू बारा तास काहीच खात नसेल आणि मलूल पडलं असेल तर वाट पाहू नये. लहान पिल्लाच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. ते लटपटत असेल तर हिरड्यांना थोडं साखरेचं पाणी चोळावं आणि तसंच दवाखाना गाठावा.

उलट्या आणि घाण वासाची, रक्ताची हगवण असेल तर पार्व्हो असू शकतो. उपचाराविना यात पिल्लं दोन-तीन दिवसांतही दगावतात. त्याचे विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतात, म्हणून पिल्लू दगावलं तर त्याच जागी लगेच दुसरं आणू नये. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, पुढचे डोसही पूर्ण करावे लागतात.

लाळ गळून अंग थरथरत असेल तर फवारणीचं औषध किंवा औषध लावलेलं बियाणं पोटात गेल्याची शक्यता असते. त्याचा डबा सोबत न्यावा. माणसांच्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या पिल्लाला देऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पिल्लाला गिळता येत नसेल, जबडा लोंबत असेल, आवाज बदलला असेल तर हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. ही रेबीजची लक्षणं असू शकतात आणि रेबीज लहान पिल्लालाही होतो. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागली तर जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर देतात.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर चौकशी करता येते. जाताना पिल्लाचं वय, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, शी कशी होते आणि कोणतं औषध-लस दिली, हे कागदावर लिहून न्यावं.