कोणी आहे का घरात?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाचीला एका अभ्यासक्रमाचा प्रवेशअर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ, आणि वेबसाइट काही केल्या उघडेना. "मामा, तू फोन करून बघतोस का?" म्हणाली. मी फोन लावला. पलीकडचा तरुण शांतपणे म्हणाला, "सर, सर्व्हर चालू आहे. आत्ताच पिंग करून बघितलं. आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे." तो खोटं बोलत नव्हता. तरीही रात्री बारापर्यंत ते पान उघडलं नाही आणि मुदत टळली.

हे 'पिंग' म्हणजे काय, याचा मी नंतर शोध घेतला, तेव्हा एक मजेदार हकिकत हाती लागली.

माइक म्यूस नावाचा एक तरुण अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होता. मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅबर्डीनची ही प्रयोगशाळा. डिसेंबर १९८३ मध्ये तिथलं संगणकांचं जाळं विचित्र वागू लागलं. म्यूसला आठवण झाली ती जुलैत नॉर्वेमधल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स सहज बोलून गेले होते त्याची. एका संगणकाने दुसऱ्याला हाक मारायची, त्याने ती जशीच्या तशी परत करायची आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. या हाकेचा आणि ओ देण्याचा नियम जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्येच लिहून ठेवला होता. म्यूसने एका संध्याकाळी बसून हजारेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो चालेना, कारण खालच्या युनिक्स प्रणालीत त्याची सोयच नव्हती. चिडून त्याने तीही रातोरात लिहून काढली, आणि उजाडण्यापूर्वी सगळं सुरू झालं. गंमत अशी, की पहिली हाक जाण्याआधीच एका सहकाऱ्याने जाळ्यातला मूळ बिघाड शोधून दुरुस्तही केला होता!

पाणबुडीचा सोनार ध्वनी सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीची वाट बघतो. त्या आवाजावरून म्यूसने प्रोग्रामला 'पिंग' नाव दिलं. पुढे तो जगभर गेला. आपलं सर्वांत गाजलेलं काम हेच ठरणार हे ठाऊक असतं तर आणखी एक-दोन दिवस दिले असते, असं म्यूसने मिस्कीलपणे लिहून ठेवलं आहे. नोव्हेंबर २००० मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, मोटार अपघातात तो गेला.

आता त्या फोनवरच्या तरुणाकडे वळू. पिंगच्या हाकेला ओ देते ती संगणकाची मूळ प्रणाली. वेबपान पुरवणारा प्रोग्राम निराळाच असतो, आणि त्याच्यामागे माहितीचा साठा सांभाळणारा आणखी एक. म्हणजे फाटकावरचा वॉचमन "हो, आहे ना" म्हणतो, पण वर घराला कुलूप. म्यूसला हवी होती ती एवढीच खात्री, की तार जोडलेली आहे आणि पलीकडचं यंत्र जागं आहे. अर्ज भरता येतो की नाही, हे त्याच्या पिंगला कधी विचारलंच नव्हतं. आणि "आमच्याकडे" चालतं म्हणजे कुठे चालतं? त्याच इमारतीतून मारलेली हाक अंगणातच फिरते. माझी भाची अंगणाबाहेर होती.

उलटंही घडतं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं तेव्हा अनेकांनी आपापला फोन बंद करून पुन्हा चालू केला असेल. मी तरी दोनदा केला. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही गेलं होतं. कंपनीची यंत्रं काही जळाली नव्हती. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांच्या केंद्रांना जोडणारं अंतर्गत जाळं तुटलं. मग त्यांचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी, आपलाच संपर्क तुटलेला पाहून, 'आमच्याकडे यायची वाट ही' अशी जगाला दिलेली सूचनाच मागे घेतली. घर जागच्या जागी, माणसं आत जागी, पण गावाच्या नकाशावरून गल्लीच पुसली गेलेली. सुमारे सहा तास हे चाललं. दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने ती मंडळी स्वतःच अडकून पडली.

म्हणूनच हल्ली नीट पहारा ठेवणारे लोक नुसती हाक मारून थांबत नाहीत. वेगवेगळ्या शहरांतून, दर मिनिटाला, खरोखरच पान मागवतात; त्यावर अपेक्षित शब्द आहे का ते बघतात. कोणी तर खोटा अर्ज शेवटपर्यंत भरूनही पाहतात. हे सगळं बाहेरून, परक्याच्या दारातून करायचं असतं. त्याला खर्च फारसा नाही. पण कोणीतरी करायला हवं ना!

मुदत टळल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या कार्यालयात गेलो. साहेबांनी तक्रार ऐकून घेतली आणि एक छापील कागद पुढे केला. आदल्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या पिंगच्या नोंदी होत्या त्यावर. एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. भाचीने तो कागद वाचला, घडी घालून परत टेबलावर ठेवला, आणि पुढच्या वर्षीचे अर्ज कधी सुरू होतात ते विचारलं.