मानधन, पगार आणि अत्यावश्यक सेवा

गेल्या वीकांताला गावी जाऊन आलो. गाव तुळजापूर तालुक्यात. आमची एक लांबची मावशी अंगणवाडी सेविका आहे. चहा पिता पिता सहज विचारलं, "मावशी, पगार वेळेवर होतो का गं आता?" ती हसली. "पगार न्हाई रे बाळा, मानधन म्हणायचं त्याला."

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. एका व्हेरिएबलला चुकीचा टाइप दिला की पुढे काय काय कोसळतं ते रोज बघतो. ह्या एका शब्दापायीही बरंच काही कोसळलंय असं वाटलं. परत आल्यावर थोडं वाचन केलं, त्याची ही गोळाबेरीज.

'अंगणवाडी' हा शब्द आपला, मराठी. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघांच्या सोबतीनं पोरं जिथं असतील तिथं, म्हणजे अंगणात, शाळा नेली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशभरात फक्त 33 प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा नाव हेच घेतलं. अंगणवाडी चालवणारी बाई मात्र नोकर नव्हे, 'मानसेवी'. सुरुवातीचं मानधन महिना 100 ते 150 रुपये. गावातल्याच बाईनं फावल्या वेळात करायची समाजसेवा, अशी कल्पना.

पुढे काम फुगत गेलं. पोषण आहार, वजनं, लसीकरणाला मदत, गरोदर बायांच्या भेटी, शिवाय सगळ्यांची रजिस्टरं. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं अन्नाच्या हक्काच्या खटल्यात ही सेवा प्रत्येक वस्तीत पोचवा असा आदेश दिला. म्हणजे पोरांचा हक्क न्यायालयानं मानला. पण हक्क पोचवणाऱ्या बाईचं काय? 2006 साली अमीरबी खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की सेविकांची पदं ही सरकारी पदं नव्हेत.

आता खरा गोंधळ. चौदाव्या वित्त आयोगानं केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्के केला. कागदावर उत्तम सुधारणा! पण 2015-16 च्या अर्थसंकल्पात ह्या योजनेची तरतूद सुमारे 18 हजार कोटींवरून 8 हजार कोटींच्या थोडी वर, इतकीच उरली. हिशेब असा की राज्यांना जास्त पैसा दिलाय, त्यांनी भर घालावी. राज्यं म्हणाली, आधी पैसा हातात तर पडू दे. खुद्द खात्याच्या मंत्री मेनका गांधी यांनीही ह्या कपातीबद्दल जाहीर नाराजी सांगितली. वर्षअखेरीस सुधारित अंदाजात रक्कम 15 हजार कोटींच्या वर गेली खरी, पण खर्चाचं सूत्र बदललं. पूर्वी योजनेच्या सर्वसाधारण खर्चात केंद्र 90 आणि राज्य 10 रुपये घालायचं, ते 60 आणि 40 झालं.

आता हे वर्ष आठवा. 2015-16 म्हणजे मराठवाड्यातला भीषण दुष्काळ, शेवटी लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. कळंब, वाशी, भूम ह्या आपल्या तालुक्यांतून माणसं ऊसतोडीला जातात. अशा साली मागे राहिलेल्या पोराला दिवसातून एकदा गरम जेवण मिळणं ही केवढी गोष्ट आहे! तो पैसा केंद्राचा की राज्याचा, हे पोराच्या पोटाला काय कळणार?

ह्या भांडणात सेविकांची बाजू मांडणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ती स्वतःच मांडली. 11 सप्टेंबर 2017 ला राज्यातल्या सुमारे दोन लाख सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. संप 26 दिवस चालला आणि सेविकेचं मानधन 5,000 वरून 6,500 झालं. पण पुढचा भाग जास्त बोलका आहे. मार्च 2018 मध्ये सरकारनं त्यांना 'मेस्मा', म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा, लावला. विधानसभेत गदारोळ झाला, सत्तेतल्या शिवसेनेनंही विरोध केला, आणि शेवटी त्याला स्थगिती द्यावी लागली.

मावशीनं ह्यावर विचारलेला प्रश्न मला अजून सुटलेला नाही. "आमी सेवा करताव म्हणून मानधन. मंग काम थांबवलं की अत्यावश्यक कसं काय झालाव रे?"

आमच्या भाषेत सांगायचं तर एकच व्हेरिएबल, पैसे देताना एक टाइप आणि काम घेताना दुसरा. कंपायलरनं पहिल्याच ओळीला एरर दिली असती!

आमच्या धंद्यानंही ह्यात हात धुऊन घेतलेत, ते लपवत नाही. मार्च 2021 पासून नोंदींसाठी 'पोषण ट्रॅकर' आलं. सेविकांकडचे फोन 2 जीबी रॅमचे, ते सारखे अडकायचे, आणि ॲपमध्ये नीट मराठी नाही. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी फोन ढिगानं परत केले. वापरणाऱ्यांकडून इतका स्पष्ट बग रिपोर्ट मी दुसरा पाहिलेला नाही.

25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं की सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, मानधन म्हटलं तरी ते वेतनच. तरीही 4 डिसेंबर 2023 पासून 52 दिवसांचा संप करावाच लागला, आणि मागण्यांत ग्रॅच्युइटी होतीच. ऑक्टोबर 2024 पासून सेविकेची रक्कम प्रोत्साहन भत्ता धरून 15 हजारांपर्यंत गेली आहे. शंभर रुपयांपासून इथवर यायला जवळपास पन्नास वर्षं लागली, आणि मधली बरीच पावलं संपानं टाकली गेली.

काही जण म्हणतील, संपाच्या काळात पोरं उपाशी राहिली त्याचं काय? प्रश्न खरा आहे, आणि सेविकांना तो आपल्यापेक्षा जास्त टोचतो. पोरं त्यांच्याच गल्लीतली, रोज 'बाई बाई' करत मागं फिरणारी. पण म्हणूनच तर त्यांना पन्नास वर्षं कमी पैशांत राबवता आलं. माया हे त्यांचं भांडवल, आणि तेच त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं.

2018 साली नीती आयोगानं आपला जिल्हा 'आकांक्षित' यादीत घातला. त्याचं नाव 2023 ला धाराशिव झालं. नाव बदलायला राजपत्र पुरतं. 'मानधन'चं 'वेतन' व्हायला मात्र अजून राजपत्र निघालेलं नाही.

असो. निघताना मावशीनं शेंगाची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "लिही बाबा, पण शुद्ध लिही." प्रयत्न केलाय.