घर सुटलं, सूर नाही

एडिनबराच्या सँडी बेल्स पबमध्ये फिडल आणि बासरीची बैठक रंगते. मला वाटायचं, ही पद्धत शेकडो वर्षांची असणार. पण नाही! सूर जुने, पबमधली बैठक मात्र बरीच नवी.

आयर्लंडच्या खेड्यांत लोक घरीच, स्वयंपाकघरात वाजवायचे, नाचायचे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा झाला. त्याच्या आडून पाद्री आणि पोलिसांनी घरगुती नाचही बंद पाडले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश मजूर लंडनला बांधकामावर गेले. भाड्याच्या खोलीत वाजवणार कुठे? मग पबच त्यांचं अंगण झालं.

आता अशी बैठक ऐकली की मला आधी ते गप्प झालेलं स्वयंपाकघर आठवतं.